‘तेच हे’ की ‘त्यासारखे हे’? : पाणबुड्याच्या जुन्या घड्याळाची नवी आवृत्ती

या मालेत आपण रोजच्या वापरातली एकेक वस्तू घेतो आणि तिच्याकडे तत्त्वज्ञानाच्या अंगानं बघतो. आजची वस्तू आहे मनगटी घड्याळ. त्यातही एक खास जात. समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांसाठी साठ-सत्तर वर्षांपूर्वी तयार झालेलं, मधल्या काळात बंद पडलेलं, आणि आता त्याच रूपात कंपनीनं पुन्हा बाजारात आणलेलं घड्याळ. इंग्रजीत याला रीइश्यू म्हणतात. आपण ‘नवी आवृत्ती’ म्हणू. पुस्तकाचं पुनर्मुद्रण होतं, तसंच काहीसं. ‘काहीसं’ असं का म्हटलं, ते पुढे येईलच.

आधी प्रश्न नीट मांडून घेऊ. अचूक वेळ आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर असते. खरोखर समुद्रात उतरणारा माणूस मनगटावर छोटा संगणक बांधतो. तुमच्यापैकी कुणी मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आले असतील, तर त्यांनी असा डाइव्ह कॉम्प्युटर पाहिला असेल. म्हणजे हे घड्याळ ज्या कामासाठी जन्माला आलं, ते काम आता दुसरंच यंत्र करतं. तरीही लाँजिन कंपनीनं आपल्या १९५९ च्या घड्याळाची आवृत्ती २००७ साली काढली, ओरिसनं १९६५ च्या घड्याळाची २०१५ साली काढली, आणि सेइकोनं आपल्या १९६५ च्या घड्याळाची २०१७ साली. माणसं चांगले घसघशीत पैसे मोजून ती घेतात, आणि घेणारे पुष्कळसे असे की मूळ घड्याळ निघालं तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता.

याचं झटपट उत्तर म्हणजे हौस. दुसरं झटपट उत्तर म्हणजे जाहिरात. दोन्ही उत्तरं खोटी नाहीत, पण ती अपुरी आहेत. हौस कशाचीही करता येते, मग याच वस्तूची का? आणि जाहिरात तर बंद पडलेल्या कितीतरी मालाची झाली, तो काही परत आला नाही. तेव्हा या वस्तूतच असं काही असणार, ज्याला माणसाचं मन प्रतिसाद देतं. ते काय आहे, हे आज बघू. उदाहरण म्हणून सेइकोचं १९६५ चं घड्याळ धरू, कारण त्याच्या निमित्तानं आपल्याला जपानमधल्या आणखी दोन-तीन गोष्टींकडे जाता येईल.

रूप कुठून आलं?

१९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवर हवेची नळकांडी घेऊन पाण्याखाली श्वास घेण्याचं साधन तयार केलं. त्याआधीचा पाणबुड्या जड शिरस्त्राण घालून उतरायचा. त्याला वरून नळीनं हवा मिळायची आणि वेळ किती झाली याकडे होडीवरची माणसं लक्ष ठेवायची. नवा पाणबुड्या मोकळा झाला, पण एकटाही झाला. आता वेळेचा हिशेब त्याचा त्यालाच ठेवायचा होता.

हा हिशेब साधा नव्हता. पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो, आणि नळकांड्यातली हवाही त्याच प्रमाणात लवकर संपते. दुसरं असं, की दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या पेशींमध्ये विरघळत जातो. माणूस घाईनं वर आला की त्याचे बुडबुडे होतात, आणि त्यानं माणूस लुळा पडू शकतो, मरूही शकतो. म्हणून कोणत्या खोलीवर किती मिनिटं थांबायचं आणि वर येताना कुठे किती वेळ थबकायचं, याची कोष्टकं तयार झाली. कोष्टक पाठ असून उपयोग नाही, मिनिटं मोजता आली पाहिजेत. तीही अंधारात, गढूळ पाण्यात, थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी.

१९५३ साली स्वित्झर्लंडच्या ब्लांपां कंपनीनं ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ काढलं. कंपनीचे प्रमुख ज्याँ-जाक फिश्टेर स्वतः बुड्या मारणारे होते, आणि फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांच्या तुकडीसाठी मालुबिये आणि रिफो हे दोन अधिकारी असंच घड्याळ शोधत होते. फॅदम म्हणजे ६ फूट. ५० फॅदम म्हणजे ३०० फूट, साधारण ९१ मीटर. रोलेक्सचं ‘सबमरिनर’ही याच सुमाराचं.

आता या घड्याळाचं रूप बघा. तबकडी काळी, कारण काळ्यावर उजळ खुणा लगेच दिसतात. खुणा ठसठशीत आणि अंधारात चमकणाऱ्या. काचेभोवती एक फिरणारी कडी असते, तिला बेझल म्हणतात. पाण्यात उतरताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची आणि मग काटा कडीवरच्या ज्या आकड्यावर असेल तितकी मिनिटं झाली. वजाबाकी करायची नाही, काही आठवायचं नाही. पुढे ही कडी एकाच दिशेनं फिरेल अशी करण्याचा प्रघात पडला. का? तर चुकून धक्का लागून ती सरकलीच, तर गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी दिसू नये. म्हणजे चूक झाली तरी ती जीव वाचवणाऱ्या बाजूला व्हावी. एका कडीच्या फिरण्यात केवढा विचार आहे!

सेइकोनं १९६५ साली आपलं घड्याळ काढलं. जपानी बनावटीचं हे पहिलं डाइव्ह घड्याळ. संग्राहक त्याला ‘६२ मास’ म्हणतात. ते १५० मीटरपर्यंत पाणी रोखणारं होतं, व्यास सुमारे ३८ मिलिमीटर, तबकडी गडद राखाडी, वरच्या खुणा चौकोनी आणि रुंद. त्याला चावी द्यावी लागत नसे, हाताच्या हालचालीनं ते आपोआप भरे. जपानच्या आठव्या अंटार्क्टिक संशोधन मोहिमेतल्या लोकांनी ते वापरलं.

इमॅन्युएल कांट यांनी १७९० च्या आपल्या ग्रंथात सौंदर्याबद्दल एक कल्पना मांडली आहे. मराठीत तिला ‘हेतूवाचून हेतुमयता’ म्हणता येईल. एखाद्या गोष्टीचं रूप असं असतं, की ती कशासाठी तरी नेमकी घडवली आहे असं वाटत राहतं, आणि तो हेतू पुढे न ठेवताही आपण त्या रूपात रमतो. कांट यांच्या डोळ्यांसमोर फुलं होती, हत्यारं-अवजारं नव्हेत, हे खरं. पण आपल्या कामापुरती ही कल्पना उसनी घेऊ. १९६५ च्या घड्याळाच्या रूपाला हेतू होता, उघड आणि कडक. आज तो हेतू बाजूला झाला आणि रूप उरलं. त्या रूपात कुठेही ‘हे उगाच आहे’ असं वाटत नाही. आपल्या भोवतीच्या पुष्कळ वस्तूंबद्दल आज असं म्हणता येत नाही. त्या तशा का आहेत असं विचारलं तर ‘यंदा तशी फॅशन आहे’ याहून वेगळं उत्तर मिळत नाही. या घड्याळाच्या प्रत्येक भागाला विचारा, तो उत्तर देतो. आकर्षणाचं पहिलं आणि आमच्या मते सगळ्यांत प्रामाणिक कारण हे आहे. गरजेनं घडवलेल्या रूपाला एक शिस्त असते आणि ती डोळ्यांना कळते, कारण ठाऊक नसलं तरी कळते.

तेच हे घड्याळ आहे का?

आता मधल्या काळाबद्दल थोडक्यात. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोनंच क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं, ‘ॲस्ट्रॉन’. स्फटिकाच्या कंपनांवर चालणारं, स्प्रिंगच्या घड्याळापेक्षा कितीतरी अचूक. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत क्वार्ट्झ स्वस्त झालं आणि यांत्रिक घड्याळांचा जगभरचा धंदा कोलमडला. १९८३ साली अमेरिकेत ‘ऑर्का एज’ नावाचा डाइव्ह कॉम्प्युटर आला आणि कोष्टक-घड्याळ या जोडीची गरजही हळूहळू संपत गेली. ज्या कंपनीनं यांत्रिक घड्याळाला मागे टाकलं, तीच कंपनी २०१७ साली बाझेलच्या घड्याळ प्रदर्शनात आपल्या १९६५ च्या यांत्रिक घड्याळाची नवी आवृत्ती घेऊन आली. संख्या मोजकी, २०००.

या आवृत्तीत काय तेच आहे आणि काय बदललं? चेहरा तोच, राखाडी तबकडी तीच, खुणा त्याच, फुगीर काचेची ठेवण तीच. पण काच पूर्वी ॲक्रिलिकची होती, आता नीलमण्याच्या स्फटिकाची, म्हणजे सफायरची आहे. व्यास ३९.९ मिलिमीटर झाला. पाण्याचा दाब २०० मीटरपर्यंत चालतो. पूर्वी बाजूची चावी नुसती दाबून बसायची, आता ती आट्यांनी घट्ट फिरवून बंद होते. आतलं यंत्र तर वेगळंच. मूळ यंत्र तासाला १८,००० ठोके द्यायचं, नवं २८,८०० देतं. म्हणून नव्याचा सेकंदकाटा अधिक सलग सरकताना दिसतो.

तरी ते हातात घेतल्यावर जाणकार माणूस काय म्हणतो? ‘अरे, हे तेच!’ इथे आपल्या दर्शनांमधला एक जुना वाद कामाला येतो. ओळख पटण्याला आपल्याकडे प्रत्यभिज्ञा म्हणतात आणि तिचं ठरलेलं उदाहरण म्हणजे देवदत्त. काही वर्षांपूर्वी परगावी पाहिलेला देवदत्त आज इथे समोर येतो आणि आपण म्हणतो, ‘तोच हा देवदत्त.’ वेदान्ती याची फोड करतात ती अशी : ‘तो’ या शब्दातलं तेव्हाचं गाव आणि तेव्हाचा काळ सोडून द्या, ‘हा’ या शब्दातलं आत्ताचं गाव आणि आत्ताचा काळ सोडून द्या, उरतो तो देवदत्त एकच. बौद्ध विचारवंत याच्यावर हरकत घेतात. ते म्हणतात, ओळख पटली एवढ्यावरून वस्तू एकच असं ठरत नाही. डोक्यावरचे केस कापले, पुन्हा उगवले, आणि आपण म्हणतो ‘तेच हे केस’. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असते आणि आपण म्हणतो ‘तीच ही ज्योत’. सारखेपणामुळे आपल्याला एकपणाचा भास होतो.

घड्याळाला यातलं कोणतं उदाहरण लागू पडतं? देवदत्ताची रीत लावून बघा. १९६५ काढून टाका, २०१७ काढून टाका. मधल्या काळात टिकून राहिलेलं काही उरतं का? पोलाद नाही, यंत्र नाही, काच नाही. उरतं ते एक रेखाटन. म्हणजे हे कापून पुन्हा उगवलेल्या केसांसारखं आहे. ‘तेच हे’ म्हणणं चूक, ‘त्यासारखे हे’ म्हणणं बरोबर.

पण इथे नैयायिक उठून म्हणेल, थांबा. १९६५ साली तरी एकच घड्याळ होतं काय? कारखान्यातून हजारोंनी निघालेला माल तो. त्यातलं प्रत्येक घड्याळ म्हणजे एका जातीची एकेक व्यक्ती. गाई पुष्कळ, गोत्व एक. मग २०१७ ची व्यक्ती त्याच जातीत का बसू नये? हा मुद्दा दमदार आहे आणि संग्राहकांनी तो मनावर घ्यावा असं आम्हांला वाटतं. चित्र किंवा शिल्प यांच्या बाबतीत जसं ‘मूळ’ असतं, तसं कारखान्याच्या मालाला नसतं. जुन्या घड्याळाला आज जी दुर्मीळपणाची किंमत आली आहे, ती त्याच्या भावंडांच्या हरवण्या-मोडण्यातून आली आहे. मग आपलं उत्तर काय? एवढंच, की जात ठरवताना नुसता चेहरा बघून चालत नाही, वस्तू कोणत्या विचारानं घडली तेही बघावं लागतं. १९६५ चा कारागीर ‘उद्या समुद्रात काय लागेल?’ असा विचार करत होता. २०१७ चा कारागीर ‘१९६५ साली हे कसं दिसत होतं?’ असा विचार करतो आहे. पहिल्याचं तोंड पुढे आहे, दुसऱ्याचं मागे. नक्कल जितकी हुबेहूब, तितका हा फरक वाढतो. त्या मूळ घड्याळानं कशाची नक्कल करायची असा चंग बांधला नव्हता, आणि नेमकी हीच गोष्ट नकलेत उतरवता येत नाही.

मग पुनर्निर्मिती नेहमीच पोकळ असते काय? नाही. त्याचं उत्तरही जपानमध्येच आहे. इसे इथलं शिंतो मंदिर दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्यानं बांधतात आणि जुनं उतरवतात. ही रीत सातव्या शतकापासूनची आहे. यादवीच्या काळात ती शंभराहून अधिक वर्षं खंडित झाली आणि पुन्हा सुरू झाली. २०१३ साली झालेली पुनर्बांधणी ६२ वी. लाकूड नवं, छप्पर नवं, आणि तरी भाविकांच्या लेखी मंदिर तेच. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. दरवर्षी मूर्ती नवी असते आणि आपण म्हणतो ‘गणपती आले’. इसेमध्ये टिकतात त्या दोन गोष्टी. एक म्हणजे हातातली कला, कारण वीस वर्षांच्या अंतरानं तरुण सुतार म्हाताऱ्या सुतारासोबत काम करतो. आणि दुसरी म्हणजे उपयोग, कारण देव त्या घरात आजही राहतो असं मानणारे लोक आहेत.

घड्याळाला हीच कसोटी लावू. कला टिकली का? काही अंशी, हो. नव्या आवृत्तीतलं यंत्र इवाते प्रांतातल्या शिझुकुइशी इथल्या कार्यशाळेत कारागीर हातांनी जुळवतात. क्वार्ट्झच्या लाटेत हे कौशल्य नाहीसं व्हायची वेळ आली होती. अशा आवृत्त्यांना मागणी आहे, म्हणून नवीन मुलं ते शिकतात. ही गोष्ट लहान नाही. आणि उपयोग टिकला का? त्याचं उत्तर जरा पुढे देऊ.

स्मरणातलं काय परत येतं?

नॉस्टॅल्जिया हा शब्द आपण सहज वापरतो. तो १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात घडवला. ग्रीक भाषेतले दोन शब्द त्यानं जोडले : घरी परतणं आणि वेदना. मायदेशापासून दूर असलेल्या स्विस माणसांना जडणारा एक रोग, अशी त्याची मांडणी होती. प्रबंध कुठे सादर झाला? बाझेलला. सव्वातीनशे वर्षांनी त्याच गावात जुन्या घड्याळांच्या नव्या आवृत्त्या काचेच्या कपाटात मांडल्या गेल्या, हा योगायोगच म्हणायचा.

मराठीत आपण या शब्दासाठी ‘स्मरणरंजन’ म्हणतो. शब्द छान आहे, रुळलाही आहे. पण बघा, मूळ शब्दात वेदना होती, आपल्या शब्दात रंजन आहे. भाषांतर करताना दुखणं गळून पडलं. आणि नव्या आवृत्तीचं घड्याळ नेमकं हेच करतं. ते भूतकाळ आणतं, पण दुखरा भाग काढून आणतं.

१९६५ चा जपान आठवून बघा. आदल्याच वर्षी तोक्योत ऑलिंपिक झालं होतं. सेइकोनं त्याचं वेळमापन केलं होतं. अतिवेगवान रेल्वे त्याच वर्षी सुरू झाली होती. देशाचा आत्मविश्वास वाढत होता, आणि हे घड्याळ त्या आत्मविश्वासाचं लेकरू आहे. पण त्याच वेळी क्यूशू बेटावर मिनामाता इथे एक रासायनिक कारखाना पाऱ्याचं विष समुद्रात सोडत होता. त्या खाडीतले मासे खाऊन माणसं थरथरत होती, आंधळी होत होती, मरत होती. हा आजार १९५६ सालीच अधिकृतपणे नोंदवला गेला होता. तरी ते सांडपाणी १९६८ पर्यंत चालू राहिलं. आणि १९६५ साली, म्हणजे आपलं घड्याळ निघालं त्याच वर्षी, निइगाता भागात दुसऱ्या एका कारखान्यामुळे तोच आजार पुन्हा उघडकीला आला. समुद्राच्या साहसाचं प्रतीक असलेलं घड्याळ आणि विषारी झालेला समुद्र, एकाच देशात, एकाच वेळी. घड्याळाच्या नव्या आवृत्तीच्या डबीत यातलं काय येतं? फक्त निळा समुद्र येतो.

आपल्याकडचं १९६५ही आमच्या वयाच्या माणसांना आठवत असेल. युद्ध होतं, धान्याची टंचाई होती, रेशनच्या रांगा होत्या, आणि शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं. त्या काळाची घड्याळं, गाणी, सायकली सगळ्यांना गोड वाटतात. ती रांग परत हवी असं म्हणणारा माणूस आम्हांला अजून भेटलेला नाही. हा काही कुणावर आरोप नाही. निवडून आठवणं हा मनाचा स्वभावच आहे. पण ज्यानं तो काळ पाहिलेलाच नाही, त्याच्यासाठी ही निवड दुसरं कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते. म्हातारा माणूस गोड तेवढं आठवतो, तेव्हा कडू गोष्टही त्याच्या आत कुठेतरी असते. तरुणाला मिळतो तो नुसता गोड भाग, वेष्टनासकट. धोका असेल तर तो इथे आहे.

याचं एक ठळक उदाहरण तबकडीवरच दिसतं. जुन्या घड्याळांच्या चमकणाऱ्या खुणांमध्ये आधी रेडियम, नंतर ट्रिशियम असे किरणोत्सारी पदार्थ असत. वर्षं गेली तशा त्या खुणा पिवळसर, तपकिरी झाल्या. आजचं चमकणारं द्रव्य किरणोत्सारी नसतं आणि ते पांढरटच राहतं. पण बाजारातल्या काही नव्या आवृत्त्यांमध्ये या खुणांना पहिल्या दिवसापासूनच मुद्दाम पिवळट रंग देतात. विचार करा. १९६५ साली दुकानात मांडलेलं घड्याळ नवंकोरं होतं, त्याच्या खुणा उजळ होत्या. म्हणजे ही नक्कल १९६५ च्या घड्याळाची नाही, त्याच्या आजच्या म्हातारपणाची आहे. नव्या पातेल्याला मुद्दाम पोचे पाडून ‘आजीच्या काळचं’ म्हणून विकावं, त्यातला हा प्रकार. कुणी म्हणेल, रंग छान दिसतो म्हणून आवडतो. मग ठीक, काही वाद नाही. पण आयुष्य झिजल्याशिवाय झिजल्याची खूण हवी असेल, तर ती मागणी जरा तपासून बघावी.

मग घ्यावं की नाही?

हा प्रश्न तरुण श्रोत्यांकडून नेहमी येतो, आणि तो थट्टेचा नाही. कुणाच्या दोन-चार महिन्यांच्या पगाराची ती गोष्ट असते, आणि घरचे म्हणत असतात की फोनवर वेळ दिसते ना! तत्त्वज्ञानाच्या माणसानं खरेदीचा सल्ला देऊ नये. पण कसोटी देता येते.

मघाशी एक प्रश्न राखून ठेवला होता : उपयोग टिकला का? आता एक गंमत बघा. १९६५ चं अस्सल घड्याळ आज ज्याच्याकडे आहे, तो ते पाण्याजवळ नेत नाही. आतली रबरी कडी वाळलेली असते, काच जुनी असते, आणि थेंबभर पाणी आत गेलं तर तबकडी कायमची जाते. म्हणजे पाणबुड्याचं अस्सल घड्याळ पाण्याला भिऊन कपाटात बसलेलं आहे. आणि ‘नक्कल’ म्हणून आपण जिला नाकं मुरडली, ती नवी आवृत्ती २०० मीटरपर्यंत पाण्यात जायला तयार आहे. जुन्याकडे द्रव्याची सलगता आहे, काम गेलेलं आहे. नव्याकडे द्रव्य वेगळं, पण काम शाबूत आहे. यातलं ‘खरं’ पाणबुड्याचं घड्याळ कोणतं, याचं उत्तर इतकं सोपं नाही, आणि म्हणून जुन्याचा मालक नव्याच्या मालकाला कमी लेखतो, त्याला फारसा आधार नाही.

यावरून आमची कसोटी अशी. या वस्तूशी निष्ठा दोन प्रकारची असू शकते : तिच्या दिसण्याशी आणि तिच्या असण्याच्या कारणाशी. पहिली निष्ठा पिवळट खुणा मागते. दुसरी निष्ठा मजबूत काच, घट्ट बसणारी चावी आणि एकाच दिशेनं फिरणारी कडी मागते, मग ती मुळात नसली तरी. सेइकोनं नव्या आवृत्तीत पाण्याची मर्यादा वाढवली, काच बदलली, तेव्हा ती मुळापासून थोडी दूर गेली असं दिसतं. आम्हांला वाटतं, तिथेच ती १९६५ च्या कारागिराच्या सर्वांत जवळ गेली. त्याला सफायर परवडण्यासारखं मिळालं असतं, तर त्यानं तेच लावलं असतं.

आणि हे घड्याळ मनगटावर बांधणाऱ्यानं समुद्रात उतरलंच पाहिजे असं काही नाही. कडी फिरवून कुकरच्या शिट्ट्यांची वेळ धरा, परीक्षेच्या पेपरची धरा, बसच्या प्रवासाची धरा. दिवसातल्या एखाद्या कामाला ‘इथे सुरू झालं’ अशी हातानं खूण करणं, ही त्या कडीची मूळ शिकवण आहे. फोनवर वेळ दिसते, हे घरच्यांचं म्हणणं खरं आहे. पण फोन वेळ दाखवतो, तेव्हा सोबत आणखी दहा गोष्टीही पुढे करतो. कडी एकच गोष्ट सांगते : तू सुरुवात केल्यापासून इतकी मिनिटं गेली. पाण्याखाली या वाक्यावर जीव अवलंबून असे. पाण्याबाहेर तसा तो अवलंबून नसतो, पण आयुष्याची मिनिटं इथेही मोजकीच आहेत.

एवढं लक्षात ठेवून कुणी ते घेतलं, तर आमची हरकत नाही. फक्त ‘तेच हे’ म्हणून घेऊ नका. ‘त्यासारखे हे’ म्हणून घ्या. दुसऱ्याच्या साठ वर्षांचा पिवळेपणा विकत घ्यायची मग गरज उरणार नाही. वापरा, ओरखडे पडू द्या, दर काही वर्षांनी पाणीरोधकता तपासून घ्या. २०८० साली त्याच्या खुणांचा रंग कसा झाला असेल, हे आज कुणालाच सांगता येणार नाही, आणि तो जो काही झाला असेल तो तुमच्या दिवसांचा असेल.

आज इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ. घड्याळाबद्दल असोत, नाहीतर देवदत्ताबद्दल.